पट मांडायचा तर नियमानं

१६१५ साली सर्व्हांतेसच्या ‘डॉन किहोते’ या स्पॅनिश कादंबरीचा दुसरा भाग प्रसिद्ध झाला. त्यात एके ठिकाणी किहोते आपल्या सेवकाला, सांचो पांझाला, समजावतो की आयुष्य हे नाटकासारखं असतं. कुणी राजा होतो, कुणी विदूषक, पण खेळ संपून अंगावरचे कपडे उतरले की सगळे सारखेच. सांचो म्हणतो, उपमा झकास आहे, पण मी ती कितीदा तरी ऐकली आहे. तशीच ती बुद्धिबळाची. डाव चालू असेपर्यंत प्रत्येक मोहऱ्याचं काम वेगळं, आणि डाव संपला की सगळे एकाच पिशवीत.

चारशे वर्षांपूर्वी सर्व्हांतेसनं एका अक्षरशत्रू सेवकाच्या तोंडी हे वाक्य घातलं. बुद्धिबळाचं प्रतीक तेव्हाच किती गुळगुळीत झालं होतं, हे यावरून कळतं. तरीही ते थांबलेलं नाही. चित्रपटाच्या पोस्टरवर पट असतो, विम्याच्या जाहिरातीत पट असतो, निवडणुकीच्या व्यंगचित्रात नेते मोहरे हलवत असतात, युद्धाच्या बातमीत छोटे देश प्यादी होतात. मालिकेतला एखादा माणूस हुशार आहे हे दाखवायचं असेल तर त्याच्या टेबलावर पट ठेवला की दिग्दर्शकाचं काम झालं.

मला या खेळाविषयी आणि कलेविषयीही आस्था आहे, म्हणून हे सरळ मांडतो. बुद्धिबळाचं प्रतीक तिथेच काही सांगतं, जिथे कलावंतानं खेळाचा एखादा नियम हातात घेऊन तो शेवटपर्यंत नेलेला असतो. नुसतं पटाचं रूप उचललं की प्रतीक पोकळ होतं. आणि ही पोकळी चित्रपटापुरती राहत नाही. सार्वजनिक बोलण्यात ती आली की सत्तेच्या फायद्याची ठरते. म्हणून हा केवळ रसिकांच्या आवडीनिवडीचा प्रश्न नाही.

सुरुवात प्याद्यापासूनच करावी, कारण सगळ्यात जास्त वापर आणि सगळ्यात जास्त गैरवापर त्याचाच होतो.

प्याद्याबद्दलचे तीन नियम कुणालाही ठाऊक असतात. ते सरळ चालतं, मागे फिरत नाही, आणि पलीकडच्या टोकाला पोहोचलं तर त्याचा वजीर होतो. रहीमनं याच नियमांवर एक दोहा रचला: ‘जो रहीम ओछो बढ़ै, तो अति ही इतराय। प्यादे सों फरजी भयो, टेढ़ो टेढ़ो जाय॥’ हलक्या मनाचा माणूस मोठा झाला की चढतो. प्याद्याचा फर्जी झाला की वाकडा वाकडा चालू लागतो. आता यातली खुबी बघा. जुन्या शतरंजात फर्जी म्हणजे वजीर, आणि तो एकच घर तिरपा जायचा. जन्मभर नाकासमोर चाललेलं प्यादं मोठं होताच त्याची चालच तिरकी होते. रहीमनं नियमात काही भर घातली नाही, की काही मोडलं नाही. नियम जसा आहे तसा माणसाशेजारी ठेवला, आणि माणूस उघडा पडला.

लुईस कॅरलनं १८७१ मध्ये ॲलिसला आरशापलीकडच्या जगात पाठवलं ते पांढऱ्या प्याद्याच्या रूपात. पुस्तकाच्या आरंभी त्यानं पटाची आकृतीच छापली आणि ॲलिस अकरा खेळींत जिंकते असं लिहिलं. शेतं म्हणजे घरं, त्यांच्यामधले ओढे म्हणजे घरांच्या रेषा. एक ओढा ओलांडला की पुढचं घर, आठव्या घरात पोहोचली की डोक्यावर मुकुट. पण मला त्यात सर्वांत नेमकं वाटतं ते वेगळंच आहे. ॲलिसला नेहमी आजूबाजूचंच दिसतं. शेजारच्या घरात कोण आहे तेवढं कळतं. पटाच्या दुसऱ्या कोपऱ्यात काय शिजतंय याची तिला वार्ता नसते. लहान मुलाचं जग असंच असतं, आणि प्याद्याचंही.

या दोघांनंतर मला टीव्हीवरचं एक दृश्य आठवतं. ‘द वायर’ ही बाल्टिमोर शहरावरची अमेरिकन मालिका, २००२ सालची. पहिल्याच पर्वात डीॲन्जेलो नावाचा तरुण पाहतो की गर्द विकणारी दोन पोरं, वॉलेस आणि बोडी, अंगणात पट मांडून बसली आहेत, पण बुद्धिबळाचे मोहरे घेऊन चेकर्स खेळताहेत. तो त्यांना खरा खेळ शिकवायला बसतो. हा राजा, याला फारसं काही करावं लागत नाही, सगळे याला सांभाळतात. ही राणी, सगळी कामं हीच उरकते. आणि ही प्यादी, पुढच्या फळीतले शिपाई. वॉलेस विचारतो, राजा कसं व्हायचं? डीॲन्जेलो म्हणतो, तसं नसतं. राजा तो राजाच राहतो, सगळे जे आहेत तेच राहतात. फक्त प्यादं पलीकडे पोहोचलं तर त्याची राणी होते. पण प्यादी लवकर मारली जातात. बोडी म्हणतो, प्यादं हुशार असलं तर गोष्ट वेगळी.

दृश्य काही मिनिटांचं आहे. कुणी पटाकडे बघून गूढ हसत नाही, मागे गंभीर संगीत नाही. एक माणूस दुसऱ्याला खेळ शिकवतो आहे, बस्स. पण ती तिन्ही पोरं मालिकेत एकामागून एक मरतात. चौथ्या पर्वाच्या अखेरीस आपल्या नाक्यावर मरण्याआधी बोडी पोलिसाशी बोलताना पटावरच्या त्या प्याद्यांची आठवण काढतो. बढतीचा नियम त्याला सांगितला गेला होता, त्यानं त्यावर विश्वास ठेवला होता. नियम खोटा नव्हता. त्या टोकापर्यंतची वाट त्याच्यासाठी नव्हती. गरिबीबद्दलच्या भाषणांनी जे साधत नाही ते या एका नियमानं साधलं.

वजीराची गोष्टही अशीच आहे. युरोपात या मोहऱ्याला राणी म्हणतात, आणि पंधराव्या शतकाच्या शेवटापर्यंत ती राणी अगदी दुबळी होती, तिरपं एक घर चालणारी. मग स्पेन आणि इटलीच्या भागात नियम बदलला आणि ती पटावरचं सर्वांत बलवान मोहरं झाली. दोन-तीन पिढ्या गेल्या, आणि १५५५ मध्ये क्रेमोनाच्या सोफोनिस्बा अँग्विसोला या तरुण चित्रकर्तीनं आपल्या बहिणींना पटाभोवती बसवून रंगवलं. लुचिया आपल्याकडे, म्हणजे चित्राबाहेर बघते आहे. समोरच्या मिनर्व्हानं काही बोलायला हात उचलला आहे. मधली धाकटी युरोपा हसते आहे, आणि कडेला एक म्हातारी दासी डाव पाहते आहे. त्या काळात मुलींची चित्रं काढताना त्यांच्या हातात भरतकाम देत, नाहीतर पोथी. इथे मुली विचार करताहेत, हरताहेत, जिंकताहेत, आणि त्यांना त्याची मजा वाटते आहे. राणीची ताकद वाढल्याला तेव्हा फार काळ लोटला नव्हता, हे ठाऊक असलं की चित्र आणखी बोलू लागतं. ठाऊक नसलं तरी ते पडत नाही, कारण त्यातला डाव खरा आहे, शोभेचा नाही.

सत्यजित राय यांनी १९७७ मध्ये ‘शतरंज के खिलाडी’ केला तो प्रेमचंदांच्या १९२४ च्या कथेवरून. लखनौ, १८५६. वाजिद अली शाहाचं राज्य कंपनी सरकार गिळतं आहे आणि मिर्झा व मीर हे दोन जहागीरदार डावात बुडालेले आहेत. वरवर पाहिलं तर प्रतीक अगदी ढोबळ वाटतं: देश बुडाला आणि हे खेळत बसले. पण राय एक बारीक धागा घालतात. मुन्शी नंदलाल या दोघांना सांगतो की इंग्रज हाच खेळ वेगळ्या नियमांनी खेळतात. प्यादं पहिल्याच चालीत दोन घरं जातं, वजीराच्या जागी राणी असते, डाव लवकर आटोपतो. दोघांना ते पटत नाही. डाव लवकर संपवायची घाई कशाला? कथेत प्रेमचंद दोघांना एकमेकांच्या तलवारीनं मारतात. राय मारत नाहीत. भांडण होतं, पिस्तूल उडतं, कुणी मरत नाही, कंपनीची फौज दूरवरून निघून जाते आणि दोघं पुन्हा पट मांडतात, आता इंग्रजांच्या नियमानं. राज्य गेलं हे कुणी ओरडून सांगत नाही. खेळाचे नियम बदललेले आपण डोळ्यांनी बघतो. दोन्ही शेवटांत रायांचा मला अधिक क्रूर वाटतो, कारण त्यात ही माणसं जगतात आणि नव्या नियमांना सरावतात.

बुद्धिबळाचं जगातलं सर्वांत प्रसिद्ध दृश्य अर्थातच स्वीडिश दिग्दर्शक इंगमार बर्गमनचं. ‘द सेव्हन्थ सील’, १९५७. स्टॉकहोमजवळ टेबी इथल्या चर्चच्या छतावर अल्बर्टस पिक्टर या चित्रकारानं पंधराव्या शतकात मृत्यू माणसाशी बुद्धिबळ खेळतानाचं चित्र काढून ठेवलं आहे. बर्गमनच्या मनात चित्रपटाचं बीज पडलं ते अशाच भित्तिचित्रांतून. समुद्रकिनारा, काळ्या झग्यातला मृत्यू, पट. या प्रतिमेची इतकी विडंबनं झाली की मूळ दृश्यात काय आहे हे लोक विसरले. मृत्यूच्या वाट्याला काळे मोहरे येतात आणि तो म्हणतो, योग्यच आहे. यापुढे बहुतेकांची आठवण जात नाही.

माझ्या मते चित्रपटाचा खरा मर्मबिंदू किनाऱ्यावर नाही, चर्चमध्ये आहे. मृत्यूशी खेळणारा सरदार अँटोनियस ब्लॉक पापनिवेदनाला जातो. जाळीपलीकडे कोण आहे हे त्याला दिसत नाही. बोलता बोलता तो सांगून टाकतो की उंट आणि घोडा मिळून मी मृत्यूची एक बाजू फोडणार आहे, त्याच्या ते अजून लक्षात आलेलं नाही. जाळीपलीकडे मृत्यूच बसलेला असतो. बुद्धिबळात लपलेलं काही नसतं. पत्त्यांसारखं इथे काही हातात झाकून ठेवता येत नाही, सगळं पटावर उघडं असतं. लपलेली असते ती एकच गोष्ट, खेळणाऱ्याच्या मनातला बेत. ब्लॉक नेमकी तीच देऊन बसतो, आणि तीही देवाजवळ बोलतोय या समजुतीनं. श्रद्धा आणि भय या दोहोंबद्दल इतकं जे सांगितलं जातं ते खेळाच्या अंगभूत स्वभावातून येतं. पुढे ब्लॉक आपल्या झग्यानं मोहरे पाडतो. मृत्यूला सगळी मांडणी पाठ असते, तो ती पुन्हा लावतो आणि मात करतो. पण तेवढ्या वेळात एक नटांचं कुटुंब, आई-बाप आणि तान्हं मूल, निसटून जातं. डाव हरणारच होता. त्यातून मिळवायचं होतं ते फक्त थोडं अवकाश. बुद्धिबळ मुळीच न खेळणाऱ्या प्रेक्षकालाही हे समजतं, कारण बर्गमननं खेळाशी लबाडी केली नाही.

मार्सेल द्युशाँची गोष्ट आणखी निराळी, कारण तो प्रतीकाच्या पलीकडे जाऊन खेळातच गेला. आधुनिक कलेचा हा बंडखोर फ्रान्सकडून बुद्धिबळ ऑलिम्पियाडमध्ये खेळला, आणि १९३२ मध्ये विताली हाल्बरश्टाट याच्यासोबत त्यानं राजा आणि प्याद्यांच्या शेवटच्या टप्प्यावर एक पुस्तक लिहिलं. त्यात मांडलेल्या स्थिती इतक्या विरळा की प्रत्यक्ष डावात त्या जवळजवळ येतच नाहीत. त्यातलं मर्म असं की दोघांपैकी ज्याच्यावर चाल करण्याची पाळी येईल तो हरतो. स्वस्थ बसता आलं असतं तर वाचला असता, पण बुद्धिबळात पाळी सोडता येत नाही. द्युशाँला ओळखणाऱ्या आणि स्वतः खेळणाऱ्या सॅम्युएल बेकेटनं १९५७ मध्ये ज्या नाटकाला डावाच्या शेवटच्या टप्प्याचंच, ‘एंडगेम’ हे नाव दिलं, त्यात हॅम हा आंधळा, जागचा हलू न शकणारा माणूस आपलं पहिलंच वाक्य उच्चारतो ते ‘आता माझी चाल’ या अर्थाचं. हॅम हा सुरुवातीपासूनच हरलेल्या डावातला राजा आहे, असं बेकेटनं सांगितलं होतं. रंगमंचावर पट नाही, मोहरे नाहीत, चौकटीची फरशीही नाही. तरी बुद्धिबळावरची जी नाटकं मला माहीत आहेत त्यात मी हे सर्वांत वर ठेवीन. हलणं भाग आहे आणि हललं की नुकसान, हा नियम त्यात हाडामांसाचा झाला आहे.

संगीतातलं उदाहरण याच मंडळींचं आहे. मार्च १९६८ मध्ये टोरोंटोत जॉन केज आणि द्युशाँ रंगमंचावर खेळायला बसले. लोवेल क्रॉसनं बनवलेल्या त्या पटाच्या चौसष्टही घरांखाली प्रकाश ओळखणारे घटक बसवले होते. मोहरं घरावर आलं की घर झाकलं जायचं, हललं की उघडं पडायचं, आणि त्यानुसार संगीतकारांच्या यंत्रांतले ध्वनी सभागृहातल्या वेगवेगळ्या स्पीकरांकडे वळायचे. द्युशाँनं एक घोडा आधीच कमी करून खेळायचं कबूल केलं होतं, तरी तो जिंकला. इथे कुणी बुद्धिबळावर गाणं रचलं नाही. डावच संगीताची दिशा ठरवत होता. ऐकायला ते गोड वाटलं असेल असं नाही. पण कल्पना प्रामाणिक आहे.

याच्या दोन वर्षं आधी योको ओनोनं लंडनमध्ये एक पट मांडला. सगळी घरं पांढरी, दोन्हीकडचे मोहरे पांढरे. आपले मोहरे कुठे आहेत हे आठवेल तोवर खेळा, एवढीच सूचना. पहिल्या काही चाली सहज जातात. मोहरे एकमेकांत मिसळले की मात्र आपण कुणाला मारतोय हेच कळेनासं होतं. युद्धाला विरोध करणाऱ्या कलाकृती पुष्कळ आहेत, त्यातल्या बऱ्याच नुसत्या घोषणा आहेत. ओनोनं खेळातला फक्त रंगाचा फरक काढून घेतला, बाकी सगळे नियम ठेवले, आणि वैर कशावर उभं असतं ते हाताला जाणवू दिलं.

यावर कुणी म्हणेल की कलेला नियम कशाला शिकवता? कलावंताला सूट असतेच की. असतेच. १९३७ मध्ये आर्थर ब्लिस यांच्या संगीतावर निनेट द व्हॅल्वानं बसवलेल्या ‘चेकमेट’ या बॅलेत लाल सरदार, म्हणजे पटावरचा घोडा, काळ्या राणीला मारण्याच्या स्थितीत येतो आणि तिच्या मोहात पडून थांबतो. मग तीच त्याला मारते. पटावरचा घोडा कधी दया दाखवत नाही. इथे नियम मोडला आहे, पण कोणता नियम मोडतोय हे रचणाऱ्यांना पक्कं ठाऊक आहे. मोहऱ्याला मन दिलं की काय होतं, हाच त्या नृत्याचा विषय. अशा मोडण्याला माझी हरकत नाही. हरकत आहे ती नियम माहीतच नसण्याला.

त्याची खूण फार लवकर सापडते. पट मांडताना प्रत्येक खेळाडूच्या उजव्या हाताच्या कोपऱ्यात पांढरं घर हवं, हा शिकणाऱ्या मुलाचा पहिला धडा. चित्रपट आणि जाहिरातींमध्ये हा पट किती वेळा आडवा फिरवून ठेवलेला दिसतो ते एकदा लक्ष देऊन पाहा. त्यावर बसून दोन प्रतिभावंत जगाचं भवितव्य ठरवत असतात. चूक क्षुल्लक आहे, मान्य. पण ती सांगते की तिथे पट फक्त सामान म्हणून आणला होता. याउलट १९६३ च्या जेम्स बाँडपटात, ‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’मध्ये, कटकारस्थानी क्रॉनस्टीनचा जो डाव दाखवला आहे तो १९६० च्या लेनिनग्राडमधल्या स्पास्की-ब्रॉन्स्टाइन डावावर बेतलेला आहे, दोन प्यादी तेवढी काढलेली. खेळाचा मान राखला, पण पात्र मात्र तेच ठोकळेबाज: चांगला बुद्धिबळपटू म्हणजे थंड डोक्याचा खलनायक. त्याचाच जोडीदार ठोकळा म्हणजे वेडाच्या काठावरचा प्रतिभावंत. या दोन ठोकळ्यांनी खेळाडूंचं फार नुकसान केलं आहे. शेकडो मेहनती, शांत, साध्या माणसांचा खेळ लोकांच्या मनात विकृतीशी जोडला गेला.

लोकप्रिय कलाकृती खेळाचा प्रसार करतात, हे मात्र नाकारता येत नाही. २०२० मध्ये एका बुद्धिबळपटू मुलीवरची ‘द क्वीन्स गँबिट’ ही मालिका आली आणि जगभर मुलं, विशेषतः मुली, पटाकडे वळल्या. त्यातले डाव माजी जगज्जेता कास्पारोव्ह आणि प्रशिक्षक ब्रूस पॅन्डोल्फिनी यांच्या मदतीनं रचलेले होते, आणि ते दिसतं. मला ती मालिका आवडते. म्हणूनच तिच्यातली एक गोष्ट खटकते. शेवटच्या भागात मॉस्कोतल्या स्पर्धेच्या समालोचनात नोना गाप्रिंदाश्विलीबद्दल म्हटलं जातं की ती महिला जगज्जेती आहे, पण पुरुषांशी कधी खेळलेली नाही. प्रत्यक्षात नोना पुरुषांशी वर्षानुवर्षं खेळत होती. १९६८ पर्यंत किमान ५९ पुरुष खेळाडूंशी ती खेळली होती, असं तिनं २०२१ मध्ये कोर्टात केलेल्या दाव्यात नमूद केलं. ज्या कादंबरीवरून मालिका घेतली तिच्यातही तिचा उल्लेख रशियन ग्रँडमास्टरांशी अनेकदा खेळलेली खेळाडू असाच आहे. २०२२ मध्ये प्रकरण आपसात मिटलं. स्त्रीनं पुरुषांच्या खेळात शिरण्याचं प्रतीक उभं करताना, जी बाई खरोखर शिरली होती तिलाच पुसून टाकलं. काल्पनिक नायिका एकटी आणि पहिली दिसावी म्हणून. प्रतीकाला वस्तुस्थिती अडचणीची वाटू लागली की कोणाचा बळी दिला जातो, याचं इतकं उघड उदाहरण क्वचित मिळतं.

आता राजकारण. एखाद्या नेत्यानं पक्ष फोडला, आघाडी बदलली, निर्णय फिरवला, की ‘बुद्धिबळातली चाल’ हे शब्द तयार असतात. ते कौतुकाचे असतात, हे लक्षात घ्या. नेता दहा चाली पुढचं बघतो, आपल्याला कळत नाही म्हणजे त्यामागे खोल विचार असणार. पण बुद्धिबळात दोन्ही बाजूंना सारखंच सैन्य मिळतं, सगळी माहिती दोघांपुढे उघडी असते आणि फाशाचं दान नसतं. राजकारणात यातलं काहीही खरं नाही. साधनं विषम, माहिती दडवलेली, आणि नशिबाचा वाटा मोठा. या उपमेनं आपण चुकून लागलेल्या निर्णयालाही योजना म्हणतो आणि फसलेल्याला पुढच्या खेळीची तयारी. नेत्याला कधीच चुकू न देणारी उपमा नागरिकानं वापरायची कशाला?

त्याहून वाईट म्हणजे प्याद्यांची भाषा. अमुक सीमेवरची माणसं बड्या राष्ट्रांच्या खेळातली प्यादी झाली, हे वाक्य सहानुभूतीनं लिहिलं जातं हे मला ठाऊक आहे. पण ते लिहिताना आपण कुठे उभे असतो? पटाच्या वर, खेळणाऱ्यांच्या शेजारी. तिथून माणसं एकसारखी दिसतात, त्यांना नावं नसतात, आणि त्यांचा बळी हा चांगल्या खेळाचाच भाग ठरतो. बोडीसारखं एखाद्या प्याद्यानं स्वतः ते म्हटलं तर गोष्ट वेगळी. आपण लांबून त्यांच्याबद्दल म्हणणं म्हणजे खेळणाऱ्यांची नजर उसनी घेणं.

राजकारणात हे प्रतीक खरंही बोलू शकतं, आणि त्याचं जुनं उदाहरण आहे. ऑगस्ट १६२४ मध्ये लंडनच्या ग्लोब नाट्यगृहात थॉमस मिडलटनचं ‘अ गेम ॲट चेस’ रंगलं. पांढरं घराणं इंग्लंड, काळं स्पेन. स्पॅनिश राजदूत गोंदोमार काळा घोडा म्हणून मंचावर आला आणि प्रेक्षकांनी त्याला लगेच ओळखलं. जिवंत राजाला रंगमंचावर दाखवायची मनाई होती. पटाच्या आडून मिडलटननं दोन राजे आणले. शेवटी काळे मोहरे पिशवीत जातात, सांचोची ती पिशवी. नऊ प्रयोग झाले, थिएटर ओसंडत होतं, आणि मग स्पेनच्या तक्रारीवरून नाटक बंद पाडलं गेलं. तिथे पटाचा उपयोग सत्तेला चतुर ठरवण्यासाठी नव्हता, तिचे छुपे व्यवहार चव्हाट्यावर आणण्यासाठी होता. नाटक स्पेनद्वेषानं भरलेलं आहे आणि त्याचं मी समर्थन करणार नाही. पण तेव्हा या प्रतीकाला धार होती. आज ते बहुतेक वेळा शाल-श्रीफळ होऊन येतं.

१९७२ ची रेक्याविक इथली जगज्जेतेपदाची लढतही आठवण्यासारखी. फिशर विरुद्ध स्पास्की म्हणजे अमेरिका विरुद्ध सोव्हिएत संघ, असं सगळ्या जगानं ठरवून टाकलं होतं. पुढे शीतयुद्धाच्या बुद्धिबळावर गीतनाट्यही झालं. पण सहाव्या डावात फिशर इतका सुरेख खेळला की डाव संपल्यावर प्रेक्षकांबरोबर स्पास्कीनंही टाळ्या वाजवल्या. हरलेला माणूस, आपल्या देशाची प्रतिष्ठा डोक्यावर घेऊन बसलेला, प्रतिस्पर्ध्याच्या खेळाला दाद देतो. दोन महासत्तांच्या प्रतीकात या टाळ्यांना जागा नाही. कुणाला या लढतीवर चित्र काढायचं असेल तर मी त्याला तिथून सुरुवात करायला सांगेन.

प्रतीकं शोधणाऱ्यांना मात्र एक विनंती. प्रत्येक काळी-पांढरी फरशी म्हणजे पट नव्हे. सतराव्या शतकातल्या डच चित्रांत चौकटीच्या फरश्या जागोजागी दिसतात. चित्रकाराला त्यांनी खोली मागे जाताना दाखवता येते, हा त्यांचा रोकडा उपयोग. गाण्याच्या व्हिडिओत गायिका अशा फरशीवर उभी राहिली म्हणून लगेच राणी, सत्ता, गुप्त संघटना असे अर्थ काढत बसायचं कारण नाही. शोधणाऱ्यानं एवढंच बघावं की त्या कृतीत पाळी आहे का, चाल परत घेता न येणं आहे का, बळी, बढती, कोंडी यातलं काही घडतं आहे का. काहीच नसेल तर ती फरशीच आहे.

शेवटी एका चित्राबद्दल बोलायलाच हवं, कारण ते सध्या रोज डोळ्यांपुढे येतं. कृत्रिम बुद्धिमत्तेवरचा लेख असला की सोबत यंत्रमानवाचा चकचकीत हात पटावरचं मोहरं उचलताना दाखवतात. १९९७ मध्ये डीप ब्लू या संगणकानं कास्पारोव्हला हरवलं तेव्हा मोहरे हलवायला त्याच्याकडे हात नव्हता. समोर बसलेला माणूस त्याच्या चाली पटावर करत होता. पण चित्राचा दोष यापेक्षा मोठा आहे. त्यातून असं भासतं की यंत्र एकटंच विचार करतं आणि समोर आपण हरत चाललो आहोत.

यंत्र आणि पट यांची याहून कितीतरी सच्ची प्रतिमा अडीचशे वर्षं जुनी आहे. १७७० मध्ये व्हिएन्नाच्या दरबारात वोल्फगांग फॉन केम्पेलेननं एक यंत्र आणलं. पेटीमागे बसलेला फेट्यातला पुतळा बुद्धिबळ खेळायचा. खेळाआधी केम्पेलेन पेटीची दारं उघडून आतली चाकं दाखवायचा. लोक थक्क व्हायचे. पुढे बेंजामिन फ्रँकलिन त्याच्याशी खेळला, १८०९ मध्ये नेपोलियनही. पेटीत एक जिवंत बुद्धिबळपटू बसलेला असायचा. दारं एकामागून एक उघडली जात तसा तो आत सरकत राहायचा, पटाखालच्या चुंबकांवरून वरची चाल ओळखायचा आणि मेणबत्तीच्या उजेडात, कोंदटलेल्या हवेत आपला डाव खेळायचा. टाळ्या पुतळ्याला मिळायच्या.

आजच्या यंत्रांमागेही माणसं आहेत. चित्रांना नावं देणारी, मजकूर तपासणारी, घाण बाजूला काढणारी, थोड्या मोबदल्यावर तासन्‌तास बसणारी. ॲमेझॉननं २००५ मध्ये अशी फुटकळ कामं माणसांकडून करून घेणारी सेवा सुरू केली तेव्हा तिला त्या जुन्या यंत्राचंच, ‘मेकॅनिकल टर्क’ हे नाव दिलं. संपादकांना आणि चित्रकारांना माझं सांगणं आहे की तो चकचकीत हात आता काढून टाका. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी पट दाखवायचाच असेल तर केम्पेलेनची पेटी दाखवा, सगळी दारं एकदम उघडलेली, म्हणजे आतल्या माणसाला सरकायला जागा उरणार नाही आणि तो दिसेल.